मोहफुलांसाठी उघडं ठेवलेलं फाटक

त्या दुपारी माझ्याकडे एकच काम होतं. चार वर्षांच्या नातीवर, दिव्यावर, लक्ष ठेवायचं.

मुलगा आणि सून चंद्रपूरला गेले होते. सावली गावाबाहेर, धानाच्या बांध्यांपाशी त्यांनी घर बांधलं, अंगणात पोहायचा हौदही केला. त्याभोवती जाळी आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच, हा हट्ट माझा. चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. धोका आधी ओळखता येतो, असं वाटायचं.

एप्रिलात हौदाकाठच्या फरश्या तव्यासारख्या तापतात. घरकामाच्या बुधरीबाई तिथं मोहफुलं वाळत घालत होत्या. डोक्यावर टोपली, आणि फाटक दर खेपेला अंगावर येई.

"बाबूजी, हे तुमचं फाटक मले सासूवानी ढकलते!"

मी हसलो. फाटकाला वीट लावून दिली. त्यांचं आटोपलं की काढू, म्हणून ओसरीत बसलो. दिव्या आत झोपली होती. मोहाचा गोड, जड वास येत होता. डोळा कधी लागला, कळलंच नाही...

मनगटावर एक इवलासा हात. ओला, गार. ओढत होता.

दचकून पाहिलं. ओसरीत कुणी नव्हतं. बुधरीबाई केव्हाच मागच्या अंगणात गेल्या होत्या. वीट तशीच होती. आणि हौदात दिव्या पालथी तरंगत होती.

मी उडी घेतली. तिला फरशीवर आणलं, तोंडात श्वास फुंकला, छाती दाबली, पुन्हा फुंकला. मोजणी चुकत होती. अखेर ती पाणी ओकली, रडली. बुधरीबाई धावत आल्या, तिला लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली.

"आबा..." दिव्या पुटपुटली, "तिले काऊन नाई काढलं?"

"कोणाला?"

"तुले उठवाले गेली होती ना... तिले."

पाणी नितळ होतं. तळाची फरशी न् फरशी दिसत होती.

"बाबूजी," बुधरीबाई कुजबुजल्या, "तिकडं नका पाहू..."

दुसऱ्याच दिवशी मुलानं हौद उपसला. फाटकाला कुलूप लागलं. किल्ली माझ्या गळ्यात असते. जी कोण होती, तिनं माझी नात वाचवली, असं मी स्वतःला समजावतो. मग शंका येते, झोपलेल्या दिव्याला पाण्यापाशी बोलावलं कुणी?

काल दुपारी दिव्या जाळीला कान लावून उभी होती. कोरड्या हौदाकडे पाहत तिनं मान डोलावली.

"काय गं?"

"आबा," ती हळूच म्हणाली, "पाणी कधी भरता, विचारून राह्यली."