पिवळी प्रत

बस असा, भिंतीला टेकून. आणि तो फोन ठेव बाजूला. उद्यापासून हॉस्पिटलच्या काउंटरवर बसणार ना तू? मग आज मामाची एक गोष्ट ऐक. तूही ऐक गं, भावाला चिडवणं पुरे. गोष्ट भुताची आहे, पण खरी आहे. हसा, हसा. मीही आधी असाच हसायचो.

मी ज्या हॉस्पिटलात होतो ना, तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा. त्याला सगळे 'सोमवार' म्हणायचे. का? तर कुणी काहीही विचारलं की हा म्हणायचा, "सोमवारी या." सोमवारी आलेल्यालासुद्धा सोमवारी या! माणूस वाईट नव्हता रे. डबा वाटून खायचा, कुणाचं दुखलंखुपलं तर सुट्टी टाकून सोबत जायचा. पण खुर्चीत बसला की वेगळाच.

त्याचं काम काय, तर ऑपरेशनच्या आधी पेशंटला खर्चाचा अंदाज लेखी द्यायचा. नियमच आहे तसा, भिंतीवर पाटी होती केवढी मोठी. फॉर्मचं पुस्तक होतं, मध्ये कार्बन घालून लिहायचं. वरची पांढरी प्रत फाइलला, खालची पिवळी पेशंटला. पिवळी फाडून दिली की पांढरीच्या तळाशी पेशंटने लिहायचं, 'प्रत मिळाली', आणि पुढे सही आणि तारीख. झालं. दोन मिनिटांचं काम.

पण मॅनेजरने सांगून ठेवलं होतं, "लेखी आकडा हातात पडला की पेशंट चार ठिकाणी दाखवत फिरतो. आधी भरती करून घ्या, आकड्याचं नंतर बघू." आणि ह्याने मान डोलावली. नोकरी होती ना. घर होतं, हप्ते होते. सबबी काय, पाहिजे तेवढ्या.

चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, तिथे एक बाई आली. शिलाईकाम करायची. एकटी राहायची, मुलगी लग्न होऊन शेजारच्या गावी. गळ्यात मापाची टेप तशीच, काढायची विसरलेली. पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून फाइल उघडली होती, लवकर करा म्हणाले होते. तिने टोकन घेतलं, तासभर बसली, नंबर आल्यावर विचारलं, "साहेब, एकूण किती येईल तेवढं लिहून द्या."

"आधी भरती व्हा. नंतर कळेल."

"असं कसं? मी कापडाला कात्री लावायच्या आधी पैसे सांगते. तुम्ही तर माणसाला कात्री लावता."

मागच्या रांगेतले हसले. हाही हसला. म्हणाला, "सोमवारी या."

ती सोमवारी आली. पोटाला हात धरून. डॉक्टर नाहीत, सोमवारी या. पुन्हा आली. तेव्हा तिच्याने उभंही राहवत नव्हतं. काउंटरला दोरीने बांधलेलं पेन असतं ना, ते हातात धरून उभी होती, म्हणजे आता लिहून देतील, आपण सही करू. म्हणाली, "आकडा कळला की मी उद्याच्या उद्या भरती होते. कर्ज काढायची वेळ आली तर मुलीवर पडेल हो. तेवढंच भ्या वाटतं."

त्याने काय सांगितलं असेल? ...तेच.

नऊ नोव्हेंबरला ती गेली. आत पू झाला होता. दुसऱ्या दिवशी मुलगी काउंटरवर आली आणि सगळ्यांसमोर त्याला वाट्टेल ते बोलली. "माझ्या आईला तीन खेटे घालायला लावलेत! एक आकडा लिहायला तुमचा हात मोडला होता का?" ह्याने मान खाली घातली. पण घरी जाऊन जेवला बरं का. झोपलाही. ते जास्त वाईट.

आता मुख्य गोष्ट. सव्वीस नोव्हेंबर, मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याची तपासणी होती. मॅनेजरने संध्याकाळी एकतीस फाइलींचा गठ्ठा आणून टेबलावर आपटला. "ह्यातल्या कशातच अंदाजाचा फॉर्म नाही. जुन्या तारखा टाकून भरून टाक. सह्यांचं मी बघतो." आणि गेला निघून.

ओपीडी आठला बंद झाली. शटर अर्धं खाली. वॉचमन पलीकडच्या गेटवर. हॉलमध्ये एकच ट्यूबलाइट, काउंटरच्या वरची. हा आपला भरत बसला. नाव, ऑपरेशन, आकडा, जुनी तारीख. कंटाळवाणं काम. मध्येच गाणं गुणगुणत होता.

नऊला दहा कमी असतील.

दाराजवळचं टोकनचं मशीन वाजलं. टिंग.

हा मान वर न करता म्हणाला, "काउंटर बंद झालंय."

चपलांचा आवाज... घासत घासत. पोट दुखणारा माणूस चालतो ना, तसा. काउंटरपर्यंत आला. थांबला.

आणि ह्याच्या तोंडून सवयीने गेलं, "सोमवारी या."



मग समोरचं लोखंडी बाकडं करकरलं. कुणीतरी बसलं. वाट बघायला.

ह्याने मान वर केली. बाकडं रिकामं. हॉल रिकामा. पण ते दोरीचं पेन... ते हलत होतं. लाकडावर टक. टक. टक.

त्याने वॉचमनला हाक मारायला तोंड उघडलं. तसंच मिटलं. हात तेवढे चालू होते. गठ्ठ्यात एकच फाइल उरली होती, तळातली. ओढली. उघडली.

शिलाईवाल्या बाईची.

...

पेन थांबलं.

बाकडं पुन्हा करकरलं. कुणीतरी उठलं. आणि काउंटरच्या पलीकडून श्वास ऐकू यायला लागला. दमलेला. रागाचा नाही रे... दमलेला. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याने फॉर्म भरला. पूर्ण भरला. खोली, औषधं, भूल, डॉक्टर. एकूण अठ्ठेचाळीस हजार. हात ठरल्याप्रमाणे जुनीच तारीख टाकून गेला, चौदा ऑक्टोबर. ती पहिल्यांदा आली तो दिवस. खाली स्वतःची सही केली. पुस्तक काउंटरवर ढकललं. डोळे मिटले. म्हणाला, "घ्या बाई. चुकलं माझं."

टर्र... कागद फाटल्याचा आवाज आला.

मग पेनाचा. कागदावर. सावकाश.

मग चपला. घासत घासत. दाराकडे.

डोळे उघडले तेव्हा पुस्तकात पिवळी प्रत नव्हती. सगळा हॉल शोधला, बाकड्याखाली, केराच्या डब्यात. वॉचमन शपथेवर म्हणाला, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. ह्याने ती पांढरी प्रत तेवढी फाडून खिशात घातली आणि मॅनेजरला सांगितलं, एक फाइल कमी पडली.

संपलं नाही अजून. थांब.

डिसेंबरच्या दोन तारखेला मुलगी पुन्हा आली. ह्याला वाटलं, आता कानफटातच देणार. तिने मुठीतून एक पिवळा कागद काढून काउंटरवर ठेवला. आईचं दुकान ती गेल्यापासून बंद होतं, कुलपाची किल्ली मुलीकडेच. आदल्या दिवशी उघडलं, तर शिलाई मशीनच्या खणात पत्र्याचा डबा, डब्यात बावन्न हजार, आणि त्यावर हा कागद. घडी घालून.

मुलगी म्हणाली, "साहेब, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुम्ही तर चौदा ऑक्टोबरलाच आकडा दिला होता. पैसेही होते तिच्याकडे. तरी आली नाही. पैशाला जपत बसली, दुसरं काय! जिवापेक्षा पैसा मोठा वाटला तिला. माफ करा मला."

माफ करा म्हणाली. त्याला!

आणि तो... तो "असू द्या" म्हणाला. पांढरी प्रत त्याच्याच पाकिटात होती. काढून तिच्या हातावर ठेवली असती तर एका क्षणात आई निर्दोष ठरली असती. पण मग जुनी तारीख कुणी टाकली, का टाकली, सगळं निघालं असतं. त्याने पाकिटाला हात लावला नाही. ती आईवर रागावूनच परत गेली. अजूनही असेल.

...

हे घे. हो, तोच पांढरा कागद. बॅटरी लाव फोनची. मागे त्या मुलीचा पत्ता लिहिलाय. उद्या कामावर जायच्या आधी तिच्या हातात दे. चार वर्षं मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि परत येतो. पाय उचलत नाहीत.

काय झालं गं? अशी काय बघतेस?

"मामा... ही सही..."

वरची सही राहू दे. खालची ओळ वाच. मोठ्याने वाच, त्यालाही ऐकू दे.

"'प्रत मिळाली.' पुढे त्या बाईंचं नाव. आणि तारीख..."

वाच.

"सव्वीस नोव्हेंबर."