दुसरी सुई

देवीलाल पेंटर वारल्यावर पुसदच्या वाचनालयाने त्याचे कागद ताब्यात घेतले, त्याला वर्ष होत आलं होतं. बासष्टची निवडणूक आटोपली, भिंतींवरची नावं उन्हाने विटायला लागली, तेव्हा कुठे समितीला ते कागद नीट लावायची आठवण झाली. मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात जिनिंग प्रेसच्या संपाची पत्रकं, देवीलालने तुरुंगातून लिहिलेली पत्रं, मोर्चातल्या माणसांची रेखाटनं आणि सर्वांत खाली खाक्यांचे गठ्ठे. ग्रंथपाल मोहिउद्दीन मास्तरांनी बाकी सगळं लावलं. खाक्यांपाशी मात्र त्यांचं घोडं अडलं, म्हणून त्यांनी देवीलालच्या बायकोला, रुपीबाईला, रोज दुपारी बोलवायला सुरुवात केली.

खाका म्हणजे भोकांचा कागद. देवीलाल कागदावर चित्र काढायचा, आणि रुपीबाई घोंगडीच्या घडीवर तो कागद अंथरून रेघेरेघेवर सुई टोचत जायची. मग तो भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची, की भोकांतून पूड उतरून भिंतीवर ठिपक्यांचं चित्र उमटायचं. पोलिसांनी एक भिंत पुसली की देवीलाल दुसरी रंगवून मोकळा. गावाने त्याचा हात वाखाणला, तुरुंगातून सुटला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. टोचणारीला कोणी विचारलं नाही. पण रुपीबाईला त्याचं फारसं वाटायचं नाही. देवीलालची प्रत्येक रेघ आपल्या बोटाखालून गेली आहे, दुसऱ्या कोणाच्या नाही, एवढी मिरास तिला पुरत होती.

सल एकच होता. साऱ्या जगाचे चेहरे काढणाऱ्या या माणसाने बायकोचा चेहरा कधी काढला नाही. विचारलं की म्हणायचा, तू हाताले येत नाहीस. जंगल कामगारांची संघटना बांधायला तो झरी जामणीकडे महिना महिना जाऊन राहायचा. तिकडच्या बायांचे चेहरे मात्र हाताला बरोबर यायचे. ते टोचताना रुपीबाईची सुई जरा जोरातच बसायची.

मास्तर भला माणूस. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावताना देवीलालच्या नावाखाली ते ‘टोचणी : रुपीबाई’ असं लिहायचे. पहिली चिठ्ठी त्यांनी वाचून दाखवली तेव्हा ती उगाच बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली होती.

आणि एका दुपारी तो कागद निघाला.

हातात घेताक्षणी बोटांना कळलं. तिची सुई गोधडीची, जाड. भोकं गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. या कागदावर भोकं बारीक होती, तिळाला तीळ लावावा तशी जवळजवळ. तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला. एक पाठमोरी बाई. अंबाडा, खाली वाकलेली मान, पदर घेतलेला खांदा. रेघ देवीलालचीच होती. खांद्यावरून हात न उचलता कमरेपर्यंत घसरत येणारी ती रेघ दुसऱ्या कोणाची असणंच शक्य नव्हतं.

"मास्तर, ह्याले माही सुई लागली नाही."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुमच्याच घरून आलं ना भाभी सारं? इसरल्या असान."

"माहं काम मी इसरीन?"

"मंग इथं कोनाचं नाव लिहू?"

"कोनाचंच लिहू नका."

घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात नुसती तिडीक उठत होती. झरीकडे पाणी मुरतंय हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. ती बाई तरुण असेल. डोळे शाबूत असतील, म्हणून तर एवढं बारीक टोचते. सवत परवडली, सवतीशी निदान भांडता येतं. ही बया तर भाकरी न मागता, लुगडं न मागता थेट तिच्या घोंगडीवर येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच गठ्ठ्यात आणखी एक कागद होता. तीच बाई, आता जराशी बाजूने. पुढे गजांची खिडकी, मागे कपाटाचा कोपरा. ती हातात काहीतरी धरून उजेडाकडे बघत होती. चेहऱ्यावर पदराची सावली. रुपीबाईने मान वळवून खिडकी पाहिली, कपाट पाहिलं. ही इथे आली होती. याच खुर्चीत बसली होती.

मास्तर कागदाचा कोपरा बोटांत धरून चोळत राहिले. गठ्ठे बांधायला त्यांनी यवतमाळहून बदामी कागद आणला होता, गेल्याच आठवड्यात. हा त्यातलाच होता. कपाटाची किल्ली त्यांच्या शेरवानीच्या खिशात असायची. सकाळी इथे कोण बाई येते, असं रुपीबाईने विचारलं. त्यांनी मान हलवली. दारावरच्या शिपायालाही विचारून झालं. बाई म्हणून या खोलीत येणारी ती एकटीच होती.

"आज बंद करू, भाभी," मास्तर हळूच म्हणाले. "मले हे बरं नाही वाटून राह्यलं."

रुपीबाईला त्यांची भीती दिसत होती, पण तिच्या स्वतःच्या मनात भीतीला जागाच नव्हती. तिथे आधीच दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. देवीलालला जाऊन वर्ष झालं. तरी तो कामाला बसतो. नव्या कागदावर चित्रं काढतो. मेल्यावरही त्याला टोचणारी लागली, आणि ती आपण नव्हे.

तिसऱ्या कागदावर नुसता चेहरा होता.

भोकं इतकी बारीक की उजेडात धरूनही नाक-डोळे जुळेनात. खाका भिंतीवरच बोलतो. मास्तर कपाट लावत होते तेवढ्यात तिने कागद पदराखाली घेतला आणि भर उन्हात घरी आली. बघू तर खरं, कोण आहे ती. तोंड कळलं की झरीपर्यंत चालत जाईन, असं ती स्वतःशीच म्हणाली.

पुरचुंडी खुंटीवरच होती. तिने कागद चुलीमागच्या भिंतीला लावला आणि आपटत गेली. पूड उडाली, नाकातोंडात गेली.

कागद खाली घेतला.

भिंतीवर तीच होती.

कपाळ कोरं. डोळ्यांखाली या वर्षभरात आलेल्या सुरकुत्या. डाव्या भुवईतली लहानपणची खोक. देवीलालने तिला कुंकवाशिवाय कधी पाहिलंच नव्हतं.

रुपीबाई भिंतीसमोर बसली आणि पोटभर रडली. मग हसली. "आली ना शेवटी हाताले?" ती भिंतीला म्हणाली. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. चेहरा तिचा होता. त्या दुसरीला टोचायचं काम दिलं होतं, नुसतं काम. तिने हातपाय धुतले, तोंडावरची पूड धुतली, आणि कितीतरी दिवसांनी ती गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात आली ती जरा तोऱ्यातच. कागद मास्तरांपुढे अंथरला.

"लिहा मास्तर. हे माहं चित्र हाय. त्यायनं काढलं."

मास्तरांनी टाक शाईत बुडवला. देवीलालचं नाव लिहिलं, तिचं लिहिलं. खालच्या ओळीपाशी ते थांबले.

"टोचणी कोनाची लिहू?"

हे विचारताना त्यांनी मान वर केली, आणि टाक तसाच धरून ते तिच्याकडे बघत राहिले. निबेवरची शाई चिठ्ठीवर ठिपकली.

"भाभी, गोंदून कवा घेतलं?"

"कुठं?"

त्यांनी आपल्याच कानाखाली बोट ठेवून दाखवलं.

रुपीबाईने हात नेला. कानाच्या पाळीखाली कातडी जराशी खरखरीत लागत होती. बोट आपोआप पुढे सरकलं, जबड्याच्या कडेने, ठिपक्यामागून ठिपका. कुठे दुखत नव्हतं. ठिपके तिळातिळाच्या अंतराने चालले होते. कुठे घाई नाही, कुठे सुई घसरलेली नाही.

तिला आधी भीती वाटलीच नाही. एवढं सफाईदार काम आपल्याला जन्मात जमलं नसतं, याचीच जळजळ उठली.

मग बोट हनुवटीपाशी आलं आणि तिथे ओळ संपली. पुढची कातडी अजून मऊ होती.