अंगठ्याएवढा बाक

संगणकाच्या पॉवर सप्लायची नवी केबल वाकवून सोडली की साधारण दोन सेंटिमीटर परत येते. मी मोजलं आहे. चोवीस तारा एकत्र असल्या की त्यांचा ताठा जात नाही. दादा ती केबल डाव्या अंगठ्याभोवती धरून, तळहाताची ऊब देऊन वाकवायचा.

"ओढू नकोस गं, पटव तिला," म्हणायचा. "कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतेस आणि एक वायर तुझं ऐकत नाही!"

अपघाताला अकरा महिने झाले होते आणि दादा तेव्हापासून व्हेंटिलेटरवर होता. शुद्ध येणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट सांगत होते. यंत्र काढायचं की नाही, हे मी आणि वहिनीनं ठरवायचं होतं. वहिनीनं ते माझ्यावर सोपवलं.

"वन्सं, तुम्ही म्हणाल ते."

मी म्हणाले, दादानं अर्धवट सोडलेला संगणक जोडून होऊ दे, मग सांगते. तेवढीच सवड.

सोमवारी मी केबल मदरबोर्डवर बसवली. क्लिप 'टक्' वाजली. मंगळवारी सकाळी केबल बाहेर आलेली होती. ती ताणामुळे निघत नाही. काढायची तर क्लिप अंगठ्यानं दाबून धरावी लागते. माझीच घाई झाली असेल, असं मनाला सांगितलं आणि पुन्हा बसवली.

बुधवारी ती पुन्हा निघालेली दिसली. तेव्हा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी तीन ठिकाणी कॅबिनेटला आवळून टाकली. घरात मी एकटीच राहते. किल्ली एकच आहे.

गुरुवारी केबल टेबलावर होती. पट्ट्यांची वेटोळी जागच्या जागी, बंद, आणि रिकामी.

केबलला आता एक बाक होता. त्यात मी माझा अंगठा ठेवून पाहिला. सैल पडला. बाक मधेच किंचित तिरका होता. दादाच्या डाव्या अंगठ्याचं पेर लहानपणी दारात सापडलं होतं. तेव्हापासून ते तसंच तिरकं आहे.

शुक्रवारी दुपारी, लख्ख उजेडात, मी केबल परत खोचली. भिंतीतला प्लग मी आधीच काढून ठेवला होता.

तरी कॅबिनेटमधला पंखा हलला. अर्धा वळसा घेऊन थांबला. पुन्हा अर्धा.

मी घड्याळ समोर धरून मोजलं. मिनिटाला चौदा.

दादाच्या यंत्रावर श्वास चौदावरच लावले आहेत.

फोन वाजला. वहिनी इस्पितळातून बोलत होती.

"वन्सं, यांचा अंगठा हलतोय सकाळपासून. डॉक्टर म्हणतात, नुसते झटके आहेत. शुद्ध वगैरे काही नाही."

"कुठला अंगठा?"

"डावा. काहीतरी दाबून धरल्यासारखा करतात, मग सोडतात. परत दाबतात."

मी केबलचं मदरबोर्डवर बसवलेलं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ते कोमट होतं. माझ्या बोटांखाली क्लिप हळूच वर उचलली गेली, कुणीतरी स्वतःला सोडवून घेत असल्यासारखी.

"वन्सं? ऐकताय ना?"

"वहिनी," मी म्हणाले, "यंत्र काढायला सांग. आजच."