माफीचा दिवा

कागलच्या माळावरच्या रेसट्रॅकमागं बंडा गुरवाची चहाची टपरी होती आणि स्टॉक कारवाल्यांचं कोर्ट तेच होतं. शर्यतीत कुणी कुणाला ठोकलं, भिंतीवर घातलं, तर ठोकणाऱ्यानं टपरीवर यायचं. चहा बशीत ओतायचा, दोन्ही हातांनी समोर धरायचा. ज्याला लागलं त्यानं तो प्यायचा. बोलायचं काही नाही. बशी रिकामी झाली की वाद संपला. त्यानंतर कुणी विषय काढलाच तर बाकीचे चालक त्याला टपरीवरनं हाकलून द्यायचे.

शालन पोवार आज त्या बशीसमोर बसली होती. डावं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. बशी धरणारा दस्तगीर नदाफ हा स्टॉक कार लीगमधला सगळ्यात जुना चालक. शालनला वळण कापायला त्यानंच शिकवलं होतं, आणि गेल्या हंगामात शेवटच्या वळणावर मागून ढकलून तिला भिंतीवर घातलं होतं तेही त्यानंच.

"बोलायचं न्हाई, ठावं हाय मला," दस्तगीर म्हणाला. "तरी सांगतो पोरी. मुद्दाम मारली. पुढं जायचं हुतं."

"मला काय सांगतायसा मामा? दिवा समद्या गावानं बघितला की."

दिवा गाडीच्या टपावर असायचा. हेल्मेटच्या आत कपाळाला टेकणारी एक पट्टी असायची. हेतूपट्टी म्हणायचे तिला. मेंदूतले विजेचे तरंग वाचून ती सांगायची की चालकाच्या मनात समोरच्याचं वाईट आहे की नाही. नसेल तर दिवा हिरवा, असेल तर तांबडा. दस्तगीरचा त्या दिवशी तांबडा लागला होता.

पट्टी आली आणि लीगनं पंच काढून टाकले. 'वाद चालकांचा, निवाडा चालकांचा!' असे फलक हायवेभर लागले. चालकांनी तर गुलाल उधळला. एसीत बसून दंड ठोकणारे गेले, आता आपलं आपण बघू, असं त्यांना वाटलं. येडे कुठले! नियम नंतर कळला. तांबड्या दिव्यानं ज्याला ठोकलं, त्याला पुढच्या शर्यतीत एक 'परतफेड' मिळणार. एक ठोकर, शिक्षा नाही. नको असेल तर माफ करा, पण हेल्मेट घालून, कॅमेऱ्यासमोर, आणि दिवा हिरवा लागला तरच. तोवर वाद उघडाच. परतफेडीच्या शर्यतीची तिकिटं तासाभरात संपायची. घेणारे तुमच्याआमच्यासारखेच, पोराबाळांना घेऊन येणारे.

शालननं बशी उचलली आणि चहा संपवला. राग होता. हात प्लास्टरमध्ये असताना केस विंचरायला शेजारणीला हाक मारावी लागायची, ते काय विसरली होती ती? पण बशी अशीच असते. आधी चहा प्यायचा, मन मागनं येतं. महिना लागतो, कधी वर्ष लागतं. तोवर दोघांनी एका ट्रॅकवर गाडी चालवायची, एवढाच त्याचा अर्थ.

शर्यतीच्या दिवशी ती गाडीत बसली, हेल्मेट चढवलं. लीगचा अधिकारी कर्णिक माइक घेऊन खिडकीशी आला.

"माफ केलं," शालन म्हणाली.

टपावरचा दिवा तांबडा लागला. स्टेडियम शिट्ट्यांनी फुटलं.

"ताई, यंत्र म्हणतंय तुमच्या मनात राग आहे."

"हाय की! मग? चहा प्यालोय आम्ही."

"चहाचं माप आमच्याकडं नसतं हो."

"मग निवाडा आमच्या हातात दिलाय म्हणून बोंबलताय कशाला?"

कर्णिक हसला. "दिलाय की. ठोका, नाहीतर नका ठोकू. आम्ही मध्ये येतच नाही."

शेजारच्या गाडीतून दस्तगीरनं मान बाहेर काढली. "शालन, हळूच एक टेकव आन् मोकळी हो."

"दोनशेच्या वेगात हळूच कसं टेकवायचं मामा? ते न्हाई शिकवलंसा."

दस्तगीर हसला खरा, पण काच वर करून त्यानं आरसा दोनदा नीट केला.

झेंडा पडला. दस्तगीर रस्त्याकडं कमी आणि आरशाकडं जास्त बघत होता. आरशात शालनचा तांबडा दिवा. प्रत्येक फेरीला तोच. ती जवळ आली की त्याची गाडी हलायची, लांब गेली की तो वाट बघायचा. शेवटी तिसऱ्या वळणावर त्यानं वेग कमी केला आणि गाडीची मागची बाजू सरळ तिच्यापुढं धरली. बशी धरावी तशी. घे, आणि संपव.

शालनचा पाय पेडलवर होता. मनगट ठणकलं. तिनं दात आवळले, चाक फिरवलं आणि वीतभर अंतरानं त्याच्या बाजूनं निघून गेली.

मागनं येणाऱ्या चालकाला काय ठाऊक, भर वळणात कुणी रांगत असेल म्हणून? तो पुऱ्या वेगानं दस्तगीरवर आदळला. शालननं आरशात पाहिलं. दस्तगीरची गाडी भिंतीवर चढली, उलटली, आणि टपावरच घसरत गेली.

तिनं गाडी थांबवली आणि हेल्मेटसकट धावत सुटली. पत्रा कापायला माणसं भिडली होती. दस्तगीरचे दोन्ही पाय आत चेचले होते. डोळे उघडे होते, पण तिच्याकडं बघत नव्हते.

आणि लोक टाळ्या वाजवत होते. उभं राहून. शालननं मोठ्या पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर तिचीच गाडी होती आणि टपावरचा दिवा हिरवागार.

कर्णिक धापा टाकत आला. "अभिनंदन ताई! मनात रागाचा कणही उरला नाही तुमच्या. वाद मिटला. बघा, तुमचं तुम्हीच मिटवलंत."

शालननं हेल्मेट ओढून काढलं. पट्टीचा वळ कपाळावर उमटला होता.

"कधी झाला ह्यो हिरवा?"

"म्हणजे?"

"मी गाडी काढून घेतली तवा, का मामा उलटलेला बघितला तवा?"

कर्णिकचा चेहरा खुलला. असला प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि माइक चालू होता.

"यंत्रात सगळं आहे ताई. अगदी क्षणाक्षणाचं." त्यानं पडद्याकडं बोट केलं. "दाखवू?"