रूळ न पडलेला भराव

"तिथे जायचं तर जा," विल्फ रेन म्हणाला, "पण मोबाइलचा दिवा लावायचा नाही."

टेस आणि जोनी त्या रात्री जुन्या रेल्वेच्या भरावावर फोटो काढायला निघाली होती. पबमध्ये शेकोटीजवळची जागा मिळाली म्हणून जरा टेकली, आणि विल्फकाकांच्या तावडीत सापडली. चाळीस वर्षं टपालाची गाडी चालवलेला माणूस. दरीतलं एक घर त्याला नवं नाही.

"अंधारात फोटो कसे काढायचे, काका? मनातल्या मनात?" जोनी म्हणाला.

"तुझ्या मनात तरी उजेड आहे का?" विल्फ हसला. मग हसू मावळलं. "आयझॅक अल्डरसन माहितेय ना, वरच्या वाडीचा, मेंढ्यावाला? त्याचं झालेलं सांगतो. त्यानं स्वतः सांगितलंय मला. एकदाच. परत विचारलं तर उठून गेला."

तारीख एक मार्च दोन हजार अठरा, गुरुवार. तीन दिवस बर्फ कोसळत होतं. वीज गेलेली, फोन बंद, रस्त्यावर माणूसभर उंचीचे ढीग. आयझॅकची बायको हिल्डा लहानपणापासून इन्सुलिनवर. औषध थंड जागी ठेवायचं, म्हणून तिने ते सवयीने स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेलं. रात्रीतून खिडकीत सगळं गोठलं. गोठलेलं इन्सुलिन म्हणजे पाणी. दुपारपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या, श्वासाला नासक्या फळांचा वास यायला लागला.

"नर्सबाईंकडे, सिस्टर ब्रेदेकडे, असेल जास्तीचं," आयझॅक म्हणाला. "दरीपलीकडे. भरावावरून गेलो तर दोन तासांत परत."

"दिवा लावू नकोस," हिल्डा म्हणाली. त्या अवस्थेतही.

"एवढी मरणाला टेकलीस आणि मलाच शिकवतेस?"

"टेकले आहे म्हणूनच. वेड्यासारखं करशील तू."

दिवा का नाही, ते त्या दरीत सगळ्यांना ठाऊक. दीडशे वर्षांपूर्वी इथून रेल्वे न्यायची ठरली होती. कुरणं घेतली, मोजणी झाली, दलदलीतून दीड मैल भराव घातला. दरीवरचा पूल तेवढा बांधायचा राहिला. अठराशे सदुसष्टच्या हिवाळ्यात पैसे घालणाऱ्यांनी हात वर केले. भरावाच्या टोकाशी, दरीच्या काठावर मजुरांच्या झोपड्या होत्या. बायकापोरं धरून चाळीस माणसं. त्यांचं पीठमीठ याच भरावावरून घोडागाडीने यायचं, संध्याकाळी, पुढे कंदील लावून. काम थांबलं तशी गाडी थांबली. झोपड्यांत जाऊन सांगायला मात्र कुणी गेलं नाही. मग बर्फ आलं. रोज संध्याकाळी ती माणसं भरावावर येऊन कंदिलाची वाट बघत उभी राहायची...

"किती दिवस?" टेसने विचारलं.

"ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पोरी."

जाताना आयझॅकला काही दिसलं नाही. उजेड होता. भराव संपल्यावर तो पायवाटेने दरीत उतरला, ओढा ओलांडला, पलीकडे चढला. सिस्टर ब्रेदेने इन्सुलिनच्या, पेनात भरायच्या, दोन बोटभर नळ्या हातात ठेवल्या. "छातीशी धर. या गोठल्या तर माझ्याकडे तिसरी नाही, आयझॅक."

दरीतल्या बर्फाने फार वेळ खाल्ला; परत भरावाच्या टोकाशी चढून आला तेव्हा रात्रीचे नऊला वीस कमी होते. वारा असा, की डोळे उघडेनात. भरावाला दोन्ही बाजूंनी तीस फुटांचा उतार, आणि बर्फाने कड पुसून टाकलेली. चाळीस पावलं तो अंदाजाने चालला. एकेचाळिसावं पाऊल हवेत पडलं.

घसरला तो कंबरेपर्यंत. गवताचा झुबका हाताला लागला म्हणून वाचला. कसाबसा वर येऊन ओणवा बसला. छातीशी हात नेला. नळ्या होत्या. तो मेला असता तर त्या बर्फात गेल्या असत्या, आणि घरी हिल्डा...

त्यानं टॉर्च लावला.

कड दिसली. वाट दिसली. तो झपाझप चालू लागला. पन्नास पावलं. शंभर. मग उजेडाच्या कडेला काहीतरी उभं दिसलं. कुंपणाचा खांब असेल.

भरावावर कुंपण नाही.

दुसरा खांब. तिसरा. डावीकडे, उजवीकडे. बर्फ त्यांच्या खांद्यांवर साचलेलं. डोक्यावर साचलेलं. तोंडं त्याच्याकडे. टॉर्चकडे.

कुणी हलत नव्हतं. वाराही पडला होता. मग मागून, अगदी कानाशी, एका बाईचा आवाज.

"आली...?"

आयझॅकने टॉर्च विझवला. उशीर झाला होता. एक हात त्याच्या कोटावर आला. मग आणखी एक. ओढत नव्हते. चाचपत होते. खिसे. बाह्या. छाती.

"नाही," तो म्हणाला. "गाडी नाही. हे औषध आहे. माझ्या बायकोचं. खायचं काही नाही माझ्याकडे. देवाशपथ नाही."

हात थांबले.

"दुसरं काहीही सांगा. करतो. हे नका मागू..."

हात सुटले. किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. पुढे पायाशी एक बारीक आवाज आला. चिरका. दमलेला. वेळेआधी जन्मलेलं कोकरू आई टाकून गेली की असंच ओरडतं. तो वाकला. हाताला ओली लोकर लागली. आणि इथे त्यानं केलं ते मेंढपाळच करील. शंभरदा केलेलं. बघितलं नाही, विचार केला नाही. उचललं आणि कोटात घातलं.

काय गार होतं ते! बर्फाहून गार. तो गारवा सदऱ्यातून आत गेला, नळ्यांपर्यंत गेला. आयझॅकला कळलं. हे असंच राहिलं तर इन्सुलिन गोठणार. टाकून दे, एक मन म्हणालं. टाक. हिल्डा मरेल.

त्यानं नळ्या काढल्या, जिभेखाली आणि गालात धरल्या, ओठ घट्ट मिटले. कोटाची बटणं लावली. आणि अंधारात चार पायांवर, कड हाताने चाचपत, रांगत निघाला. मागे पावलं येत होती. खूप पावलं.

घर आलं. त्यानं दार लावलं. वरची कडी घातली, खालची घातली. कोळशाच्या चुलाण्याला खाली कोमट कप्पा असतो. गारठलेली कोकरं त्यातच ठेवतात. कोटातलं ते अंधारातच, न बघता, गळ्यातल्या मफलरमध्ये गुंडाळून त्यानं कप्प्यात सरकवलं, झाकण अर्धं उघडं ठेवलं आणि हिल्डाकडे धावला. ती हाकेला ओ देत नव्हती. सुई तिसऱ्या खेपेला लागली.

मग तो तिचा हात धरून बसला. जेवढ्या प्रार्थना येत होत्या, तेवढ्या म्हटल्या. मग नुसतं नाव घेत राहिला. हिल्डा... हिल्डा...

पहाटे पाचला तिचे ओठ हलले.

"पाणी."

तो लहान मुलासारखा रडला. तिने पाणी घेतलं. डोळे मिटले. मग म्हणाली, "रात्रभर बाळ कुणाचं रडत होतं रे?"

"कोकरू असेल."

"कोकरू मला कळत नाही होय? जन्म गेला कोकरांत." तिने उशीवर मान वळवली. "मग एक बाई गात होती. मग निजलं ते."

आयझॅक मेणबत्ती घेऊन चुलाण्यापाशी गेला.

दाराच्या दोन्ही कड्या जागच्या जागी होत्या. कप्पा रिकामा होता.

मफलर आत होता. वाळलेला. घडी घातलेला, चौपदरी, कडेला कड जुळवून. आणि त्या घडीवर ओटच्या भाकरीचा तुकडा. काळपट, कोंड्याची. तशी भाकरी त्या दरीत आता कुणी भाजत नाही.

अर्धीच होती. एका कडेला दातांचे ठसे होते. एकच घास घेतलेला... आणि बाकीची त्याच्यासाठी ठेवून दिलेली.