तलवारवालीची शिकवणी

तो तिसऱ्यांदा मेला, तेव्हा मात्र सारिकाला राहवलं नाही.

"अहो, एकटे कशाला घुसताय?" तिनं विचारलं.

शेजारचा मुलगा दचकून तिच्याकडे बघायला लागला. महाडहून निघालेली माझेरीची एसटी बिरवाडी मागे टाकून वरंधकडे चालली होती. बाहेर श्रावणाची भुरभुर, आत ओल्या छत्र्यांचा वास, आणि हा पठ्ठ्या मांडीवर पिवळं हेल्मेट ठेवून मोबाइलवर 'गडझुंज' खेळत होता. इकडे पाच जण, तिकडे पाच जण, मधे गडाचा दरवाजा. जी टोळी तो जास्त वेळ राखेल ती जिंकली. कुठकुठले खेळाडू आपापल्या फोनवरून एकाच वेळी त्यात लढतात. कुणी तिरंदाज होतं, कुणी जखमा बांधणारा वैद्य, आणि कुणाला तरी तलवार घेऊन शत्रूच्या अंगाला भिडावं लागतं. ह्यानं तलवार घेतली होती. डाव सुरू झाला रे झाला की स्वारी सरळ मैदानातून धावत सुटायची आणि बाण खाऊन आडवी व्हायची. खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करून सारिकानं तीन मरणं पाहिली होती. चौथं बघणं तिच्या जिवावर आलं.

"तुम्ही खेळता हे?"

"खेळते ना. तलवारच घेते."

"तलवार? मुली सहसा—"

"मुली सहसा काय?"

"काही नाही," तो घाईघाईनं म्हणाला आणि फोन दोघांच्या मधे धरला. "शिकवा."

आता खरं सांगायचं तर सारिकानं तलवार काही शौर्यापोटी घेतली नव्हती. तिच्या फोनचा उजवा कोपरा मेलेला. तिथं कितीही बोट घासलं तरी फोन ढिम्म, त्यामुळे धनुष्याचा नेमच धरता यायचा नाही. राजू, तिचा मुंबईतला भाऊ, हा खेळ तिला शिकवताना म्हणाला होता, "तुला आपली तलवारच बरी." तेव्हापासून तीन वर्षं झाली, आणि आता राजूचे मुंबईतले दोस्त ती आल्याशिवाय डाव सुरू करत नसत. बाकी दिवसभर ती महाडच्या स्टँडजवळच्या केंद्रात लोकांचे दाखल्यांचे अर्ज भरून द्यायची. संध्याकाळी एसटीनं वरंध, आणि तिथून अर्ध्या तासाचा चढ चढून भेकरवाडीत घरी.

"भिंतीच्या कडेनं जा," ती म्हणाली. "मैदानातून नको. आणि त्या तिरंदाजाचे बाण मोजा. पाच सोडले की त्याला भाता भरायला थांबावं लागतं. तेवढ्यात जवळ जायचं."

"एक... दोन... तीन..."

"तोंडानं नाही, मनात!"

"चार, पाच, निघालो!"

"अरे, उडी नको मारूस आत्ताच! उडी परत यायला ठेव! मागे ये... अरे मागे ये ना!"

सगळी एसटी वळून बघायला लागली. सारिकानं जीभ चावली. मोठ्यानं बोलल्याचं काही नाही, पण अर्ध्या तासाच्या ओळखीत तिनं त्याला 'अरे' केलं होतं.

"आलो मागे," तो हसत म्हणाला. "आणि मेलो नाही. बघ."

त्यानंही तिला 'तू' केलं होतं. दोघंही मग वरंध येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

त्याचं नाव ओम. घाटाच्या पलीकडचा, भोरचा. वरंध घाटात जिथं दरड कोसळली होती तिथं कड्याला लोखंडी जाळी बसवायचं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं, आणि त्या कामावर हा इंजिनिअर होता. मंगळवारी आणि शुक्रवारी मोजमापं द्यायला महाडच्या ऑफिसात यायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचा. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस. सारिकाचे उरलेले पाच दिवस ह्या दोन दिवसांची वाट बघण्यात जायला लागले, हे तिच्या लक्षात यायला श्रावण निम्मा सरला.

शिकवणी चालूच होती.

"समोर दिसेल त्याला मारत सुटू नकोस. मागे त्यांचा वैद्य लपलेला असतो, आधी त्याला गाठ."

"आणि मधले चौघं?"

"त्यांच्यासाठी आपली माणसं असतात. तू दार धर. तू दारात उभा राहिलास ना, की आपले तिरंदाज निवांत बाण मारतात. तुझ्या नावावर एकही बळी नसला तरी चालतो. तू टिकलास तर सगळे टिकले."

"म्हणजे मार खायचा मी, आणि नाव दुसऱ्याचं."

"तलवार कुणी घ्यायला सांगितली होती?"

"कुणी नाही." त्यानं मांडीवरचं हेल्मेट फिरवलं. "आता सोडवत नाही एवढंच."

हे तो तलवारीबद्दल बोलला की आणखी कशाबद्दल, ते सारिकानं विचारलं नाही. मात्र घरी गेल्यावर भाकरी थापताना तिनं त्याचं वाक्य चारदा मनात घोळवलं, आणि चौथ्या वेळी भाकरी करपली.

बाकीच्या दिवशी ती दोघं खेळातच भेटत. भेकरवाडीत घरात नेटवर्क नावाला. ते मिळायचं वरच्या माळावर, पाण्याच्या टाकीपाशी. कामावरून आली की सारिका आईला म्हणायची, "शेळ्या मी आणते," आणि माळावर जाऊन दगडावर बसायची. कानात ओमचा आवाज. त्याच्यामागे घाटातला वारा, तिच्यामागे शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. खेळात दोन तलवारी खांद्याला खांदा लावून दारात उभ्या राहायच्या. एक पुढे सरकली की दुसरी बाजू सांभाळायची, एक घायाळ झाली की दुसरी तिला मागे घालून लढायची. डाव संपला तरी लगेच कुणी जायचं नाही.

"आज काय खाल्लंस?"

"करटुल्याची भाजी. तू?"

"भिकाजीनं केलेली खिचडी. कच्ची."

भिकाजी म्हणजे कामावरचा टेम्पोवाला. स्वयंपाक त्याच्याकडे का दिला होता हे कुणालाच माहीत नव्हतं. सारिकाला वाटायचं, एक दिवस करटुल्याची भाजी डब्यात घालून घाटात जावं. वाटायचं, पण जायची नाही. खेळात दहा पावलांवरून शत्रूवर झेप घेणारी ही पोरगी, तिला घाटाकडे जाणारी अर्ध्या तासाची पायवाट उतरवत नव्हती. काय म्हणून जायचं? कोण म्हणून?

आणि मग गणपतीच्या आधीचा शुक्रवार आला.

त्या दिवशी एसटीला पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईचे चाकरमानी गावी निघाले होते. बोचकी, मखराचे पुठ्ठे, झोपलेली पोरं. ओम आणि सारिका दाराजवळ एकाच दांडीला धरून उभी होती. दोघांच्या हातांत चार बोटांचं अंतर होतं आणि प्रत्येक वळणावर ते कमी व्हायचं.

"काम संपलं," ओम म्हणाला. "मंगळवारी सकाळी नऊला टेम्पो निघतो. भोरला चार दिवस, आणि मग हिमाचलात. तिकडं एका घाटाचं काम मिळालंय."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

सारिकानं दांडी आणखी घट्ट धरली. त्यानं दांडीवरचा हात जरासा सरकवला, पण एवढ्यात एक बाई मखर घेऊन मधे घुसली.

"सोमवारी पाचला खेळात ये," मखराच्या पलीकडून तो म्हणाला. "मला एक विचारायचंय. इथं... समोर जमत नाही मला."

सोमवारी अर्धी सुट्टी घेऊन सारिका पावणेपाचला माळावर पोचली आणि टाकीपाशी जत्रा बघून जागीच थबकली. वाडीतल्या प्रत्येक घरात माणसं आली होती, सारिकाकडेही घरातले कर्ते काका मुंबईहून आले होते, आणि प्रत्येक माणसाबरोबर फोन आला होता. कुणी मुंबईला व्हिडिओ लावून डोंगर दाखवत होतं, कुणी बायकोला, कुणी साहेबाला. "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" एवढं एकच वाक्य माळभर घुमत होतं. एका टॉवरवर दोनशे फोन!

तिनं खेळ उघडला. पाच मिनिटं नुसतं चक्र फिरलं. मग गडाचा दरवाजा दिसला आणि दारात तिची तलवारवाली. सारिकानं बोट फिरवलं. तलवारवाली हलली नाही. मैदानात, समोर वीसेक पावलांवर ओम उभा होता. मधूनच दिसेनासा व्हायचा, मधूनच दुसरीकडे उगवायचा.

"सारिका, ऐक..." कानात आवाज आला. "मी... जर तुला... तर नुसतं..." आणि खरखर.

"ओम? ऐकू येत नाय! परत बोल!"

तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही. शत्रूची टोळी आली. ओम भिंतीकडे गेला नाही, मागे फिरला नाही. तिच्याकडे तोंड करून मैदानाच्या मधोमध थांबून राहिला, आणि बाण खात खात पडला. सारिका उजव्या कोपऱ्यावर, डाव्या कोपऱ्यावर, सगळ्या पडद्यावर बोट घासत राहिली. तिची तलवारवाली दारातच. बऱ्याच वेळानं पडद्यावर त्याचा निरोप उगवला: 'कळलं. काही हरकत नाही. सांभाळून राहा.'

तिनं फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, लागला नाही. काय कळलं ह्याला? तिला तर काहीच कळलं नव्हतं.

मंगळवारी हरताळका. उठल्या उठल्या सारिकानं न्हाऊन घेतलं आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस गो?" तुळसाबाईंनी, तिच्या आईनं, चुलीपाशीच विचारलं. "उपास हाय ना आज?"

"हाय ना. पूजेला पत्री नको? पानं आणते."

"पत्री घरामागं परड्यात बी हाय की."

"सोळा जातींची नाय तिथं," सारिका म्हणाली आणि पायवाटेला लागली. आई पाठीमागून बघतेय हे तिला ठाऊक होतं. आईनं हाक मारली नाही, हेही तिला जाणवलं.

वाट निसरडी होती. हाताला येतील ती पानं तोडत जाताना दोनदा ती घसरली, एकदा सपशेल बसली. घाटातल्या रस्त्यावर आली तेव्हा भिकाजी टेम्पोच्या मागच्या फळीला कडी घालत होता आणि ओम वरून ताडपत्रीची दोरी आवळत होता. तिला बघून त्याच्या हातातून दोरी सुटली.

"तू... इथं?"

"काल काय बोललास?" तिला धाप लागली होती.

"जाऊ दे ना, सारिका. कळलं मला."

"काय डोंबल कळलं? मला एक अक्षर ऐकू आलं नाय! वाडीत दोनशे चाकरमानी आलेत, सगळे टाकीपाशी फोन घेऊन उभे. माझी तलवारवाली हललीच नाय रे... बोटं दुखली माझी फोन घासून घासून."

ओम टेम्पोवरून खाली उतरला. तिच्या चिखलानं भरलेल्या ओढणीकडे आणि मग चेहऱ्याकडे त्यानं पाहिलं.

"म्हणजे तू मुद्दाम दारात थांबली नव्हतीस?"

"मुद्दाम कशाला थांबेन?"

"मी म्हटलं होतं..." त्याचे कान लाल झाले. "म्हटलं होतं, तोंडानं सांगायला नको. मी तुला आवडत असेन, तर नुसती माझ्या शेजारी येऊन उभी राहा. आणि तू दारातच. मी वाट बघत थांबलो."

"मरेपर्यंत?"

"मरेपर्यंत."

सारिकाला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही. येड्या, असं म्हणावंसं वाटलं. त्याला घट्ट धरावंसं वाटलं. भिकाजी कडीशी खेळत उभा होता, म्हणून तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"तुझे काका आलेत ना मुंबईहून?" ओम एकदम कामाला लागल्यासारखा म्हणाला. "मी आता वर येतो. त्यांच्याशी बोलतो. की तुझ्या आईशी बोलू? तुमच्याकडे कुणाशी बोलायची पद्धत आहे?"

"आधी माझ्याशी बोल."

"आता बोललोच की..."

"काय म्हटलं होतंस ते सांगितलंस. मला विचारलं नाहीस. इथं समोर विचार. मी ऐकतेय."

ओमनं भिकाजीकडे पाहिलं. भिकाजीनं समजूतदारपणे पाठ फिरवली आणि टेम्पोचं चाक तपासायला घेतलं, जे अगदी चांगलं होतं.

"सारिका..." तो थांबला. घसा साफ केला. पुन्हा थांबला. बारीक पाऊस दोघांच्या केसांवर बसत होता आणि ती मुळीच मदत करत नव्हती. "मला तू आवडतेस. खूप. दोन वर्षं मी लांब असणार. माझ्यासाठी थांबशील?"

"हो," ती म्हणाली. आणि त्याचा श्वास सुटायच्या आत, "पण नुसती थांबणार नाही. दिवाळीला सुट्टी काढ आणि घरी ये. मग बोल काकांशी."

"दिवाळी?" त्यानं तिचा हात हातात घेतला, चिखल, ओली पानं, सगळ्यासकट. "केवढी लांब आहे दिवाळी. किती दिवस राहिलेत, माहिती आहे तुला?"

"पंचावन्न."

ते इतक्या पटकन आलं की तो बघतच राहिला.

"दिवाळीला तरी तू भोरला येशील, म्हणून काल कॅलेंडरवर मोजले," सारिका खाली बघत म्हणाली. "रडत मोजले... एखादा चुकला असेल."