जावयाची राळ

भुताची गोष्ट म्हटली का लोकाईले रात्र पाह्यजे, अमावस्या पाह्यजे. माह्यासोबत जे झालं ते भर दुपारी झालं. चुलीवर भाकर होती तवा.

मी सांगून राह्यली, नात लिहून राह्यली. यातलं एक अक्षर खोटं नाई. ज्याले खोटं वाटन त्यानं इथंच सोडून द्यावं, मले काई राग नाई.

साल छप्पन. पुलगावच्या खालच्या अंगाले, वर्धा नदीच्या काठी आमची ढिवराची वस्ती. दिवस करीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

आमच्यात तवा एक रीत होती. करीच्या दिवशी नदी भरून वाहे, अन् त्या पुरात डोंग्याची शर्यत लागे. एका डोंग्यात एकच माणूस. त्या काठच्या उंबराचं पान तोडून परत यायचं. जो पयला येईन, वर्षभर घाट त्याच्या घरचा. उतारू त्यानंच न्यायचे. बाकीच्यांनी मजुरी पाहावी.

त्या साली दोघंच उतरले. एक माहा भाऊ तानबा. दुसरा माहा भासरा गोमाजी, म्हणजे माह्या नवऱ्याचा मोठा भाऊ.

अन् दुसरी रीत पयलीहून मोठी. शर्यतीच्या डोंग्याची सांद घरच्या जावयानं भरायची. फळीच्या सांदीत बहिणीच्या लुगड्याची पट्टी ठोसायची, वरून तापलेली राळ ओतायची. मंग परत काठाले लागेपर्यंत मालकानं त्या सांदीले बोट लावायचं नाई. लावलं म्हणजे जावयावर भरोसा नाई. मंग बहीण कशी नांदन त्या घरी?

तानबाच्या घरचा जावई म्हणजे माहा नवरा. बायका नवऱ्याचं नाव घेत नाईत. मी घेते. पुनाजी. त्याची लाज धरावी असं त्यानं काई ठेवलं नाई.

मी माहं जांभळं लुगडं फाडलं. लग्नातलं. पट्टी केली, घडी घातली, टोकाले गाठ मारली अन् पुनाजीच्या हातात देली.

"चांगली ठोसजा," मी म्हटलं. "मले एकच भाऊ आहे."

"तू काऊन काळजी करतं? मी करून देतो न."

शर्यतीच्या दिवशी काठावर तानबाची बायको जिजा हळूच त्याले म्हणे, "अवो, एकदा अंगठा दाबून पाहा न. समोर जावयाचाच भाऊ आहे."

तानबा हासला. "जावयाचं काम तपासू काय? माही रुखमी नांदते तिथं."

माह्यापायी त्यानं सांदीले बोट लावलं नाई. हे ध्यानात ठेवा.

डोंगे निघाले. जाताना तानबाच पुढं. उंबराचं पान दातात धरून तो वळला, अन् आमच्या आळीनं एकच गलका केला. गोमाजी अजून उंबरापाशीच होता.

मंग मधातच...

तानबाचं वल्हं थांबलं.

तो खाली वाकला. टिनाच्या टमरेलानं डोंग्यातलं पाणी उपसू लागला. काठावर सारे चूप झाले, तवा तो आवाज आमच्यापर्यंत आला. टमरेल फळीले घासे, मंग पाणी नदीत पडे.

खर्र... छप्प.

खर्र... छप्प.

गोमाजी त्याच्या बाजूनं निघून गेला. मान वळवून पाह्यलं नाई.

शेवटी तानबानं टमरेल खाली ठेवलं अन् काठाकडं पाह्यलं. पुनाजीकडं नाई. जिजाकडंही नाई.

माह्याकडं.

मंग फळी उघडली, अन् तो गेला.

ना तो भेटला, ना डोंगा, ना टमरेल. घाट गोमाजीच्या घरी आला.

"पुरापुढं राळ काय करन," पुनाजी म्हणे. रडला बी. मी माह्या पदरानं त्याचे डोळे पुसले. आज आठवलं का हात जाळून घ्यावा वाटते.

तेरवी झाली. त्यानंतरच्या एका दुपारी पुनाजी जेवून राह्यला होता, मी भाकर थापून राह्यली होती. अंगणात कुत्रं भुकून राह्यलं होतं.

ते चूप झालं.

कोंबड्या चूप झाल्या. वारा पडला. अन् घरात, माह्या पाठीमागं...

खर्र... छप्प.

माहा हात परातीतच राह्यला.

"काई ऐकू आलं काय तुमाले?"

"काय?" पुनाजीनं भाकर मोडली. "मीठ दे."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. आवाज कोपऱ्यातल्या सरकीच्या पोत्यापासून ये. तिथली जमीन ओली राहे. मी पुसली का दुपारी पुन्हा ओली. आभाळ कोरडं होतं, छप्पर चांगलं होतं, माठ दुसऱ्या कोपऱ्यात होता.

त्या ओलीले पुराच्या गाळाचा वास होता.

कार्तिकात एक दिवस मी ते पोतं ओढलं. खालची जमीन चिखल झालती. त्या चिखलात...

माही जांभळी पट्टी.

मी घातलेली घडी तशीच. मी मारलेली गाठ तशीच. तिले राळेचा एक ठिपका नोता. भोवती सारं ओलं, अन् ती कोरडी.

सांद मातीनं लिंपलती. वरून नुसती राळ फासलती. माह्या नवऱ्यानं.

मी पट्टी त्याच्या ताटापुढं टाकली. "ही इथं काऊन आहे?"

तो घास चावत राह्यला. गिळला. मंग म्हणे, "दादाले घाट भेटला. त्याच घाटाची भाकर तू खाऊन राह्यली न? मंग?"

एवढंच बोलला. अन् दुसरी भाकर मांगतली.

मी उठली. पट्टी घेतली, तशीच नदीवर गेली. नदी उतरलती. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी हाक मारली.

"तानबा, हे पाह्य रे. मी देली होती. माहा हात नोता यात. घे, दादा."

पट्टी पाण्यात सोडली. धारेले लागली, वाहत गेली. मले बरं वाटलं.

मंग ती थांबली.

धारेच्या उलटी, हळू हळू, परत आली. माह्या पायाले लागली.

मी उचलली. कोरडी होती.

तिथून मी जिजाकडं गेली. तिनं पट्टी पाह्यली, माह्याकडं पाह्यलं, अन् बोलली, "लुगडं तुहंच न?" दार लावून घेतलं. ते दार मले पुन्हा उघडलं नाई.

लोक विचारतात, पुनाजीले सोडलं काऊन नाई. कडेवर लेकरं होती. माहेर बुडालं होतं. कुठं जाऊ मी? त्याच घरी भाकरी थापल्या, अन् दर दुपारी तो आवाज ऐकला.

पुनाजीनं कधी ऐकला नाई. गोमाजीनंही नाई. दोघंही म्हातारे होऊन, पोटभर जेवून, झोपेत गेले. मले वाटे, जाताना तरी तानबा त्याहिच्या उशाशी येईन. नाई आला.

मी नवस केले. देवऋषी पाह्यले. पट्टी चुलीत घातली, जळली नाई. मंग लेकीकडं सिंदी गावाले राह्याले आली. इथं नदी नाई, डोंगा नाई. रेल्वेचा आवाज दिवसभर. म्हटलं, इथं तरी सुटन.

पयल्याच दुपारी लेक म्हणे, "माय, तुह्या खाटेखाली पाणी कशाचं वं?"

माहा भाऊ मेला तो माह्यावर भरोसा ठेवून. अन् मेल्यावर त्याचा भरोसा नाई तो एका माह्यावरच. ज्यानं माती भरली तो सुटला. जिनं लुगडं फाडलं तिच्याकडं हा येते. हे कोणत्या न्यायानं, मले कोणी सांगतलं नाई.

पट्टी उशाखाली आहे. मी रोज त्याले सांगते, दादा, मी देली होती रे.

तो ऐकत नाई.

आता नात लिहिता लिहिता थांबली. म्हणे, आजी, बाहेरचं कुत्रं एकाएकी चूप काऊन झालं?

तू लिही बेटा. दुपार झाली...

खर्र...